माणदेश कुठे सुरू होतो?

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या विभागाच्या दारात एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी अर्ज हातात घेऊन आलेली असते, सोबत आई किंवा वडील असतात आणि अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवून ते विचारतात, ‘‘मॅडम, हे मायनर म्हणजे काय? आणि त्यात हा ‘प्रदेश अभ्यास’ कसला? भूगोलच ना?’’

मी स्वतः भूगोलाची प्राध्यापक. त्यामुळे ‘हो, भूगोलच’ असे म्हणून मोकळे व्हायचा मोह होतो. पण खरे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते ‘नाही’ का, हे मला स्वतःला समजायला बरीच वर्षे लागली. श्रोतेहो, आज तेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी मायनरचे बघू. आपल्यापैकी अनेकांनी बी.ए. केले तेव्हा ‘स्पेशल’ विषय एक असे आणि बाकीचे ‘जनरल’. जनरल विषय म्हणजे पास होण्यापुरता करायचा विषय, अशी आपली समजूत. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा नवा आराखडा दिला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने तशा रचनेचे अभ्यासक्रम सुरू झाले. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० क्रेडिट आहेत. त्यातली ६० मुख्य विषयाची, म्हणजे मेजरची आणि २४ मायनरची. एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तासांचे अध्यापन; प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रभेटीचे काम असेल तर तीस तास. विद्यापीठागणिक आकड्यांत थोडाफार फरक पडतो, पण मुद्दा एवढाच, की मायनर म्हणजे वरवर चाळायचा विषय नव्हे. तीन-साडेतीनशे तास एखाद्या गोष्टीसोबत काढायचे असतात.

शिवाय हे मायनर एकाच विद्याशाखेचे असले पाहिजे असे बंधन नाही. अनेक विद्याशाखा जिथे एकत्र येतात असे क्षेत्रही मायनर म्हणून घेता येते. आमचा ‘प्रदेश अभ्यास’ हा त्यातलाच. वर्गात संगणकशास्त्र मेजर घेतलेली मुले असतात, वाणिज्यची असतात, मराठी साहित्याची असतात, प्राणिशास्त्राची असतात. शिकवायला भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी अशा पाच विभागांचे प्राध्यापक. आणि सगळ्यांनी मिळून अभ्यासायचा तो एकच प्रदेश.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन या संस्कृतच्या पंडिताने १९४८ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा केला. भाषा, इतिहास, अर्थव्यवस्था आणि समाज हे सारे एका छपराखाली शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिकेला घाम फुटला आणि १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्याने परदेशी भाषा व प्रदेशांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळू लागला. १९६१ साली ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात तिचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून चाले. म्हणजे प्रदेश अभ्यासाची ही परंपरा बरीचशी दुसऱ्यांचे प्रदेश समजून घेण्यासाठी वाढली, आणि त्यामागे सत्तेची गरजही होती. आपण तीच पद्धत आपल्याच अंगणात लावून बघायची असे ठरवतो, तेव्हा हा इतिहास विद्यार्थ्यांना आधी सांगावा लागतो. कोण अभ्यास करतो आणि कशासाठी करतो, हा प्रश्न या विषयात पहिल्या दिवसापासून असतो.

आम्ही प्रदेश निवडला तो माणदेश.

माणदेश हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची आणि ‘बनगरवाडी’ १९५५ ची. या पुस्तकांनी हे नाव घरोघरी नेले. पण गंमत अशी, की सरकारच्या नकाशात माणदेश नावाचा जिल्हा नाही आणि तालुकाही नाही. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, पण त्याचे मुख्य ठिकाण दहिवडी. माडगूळकरांचे माडगूळ सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. सांगोला सोलापूर जिल्ह्यात. तिन्हीकडची माणसे स्वतःला माणदेशी म्हणवतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना एक कोरा नकाशा देतो. त्यात नद्या आणि गावे दाखवलेली असतात, सीमा मात्र नसतात. सांगायचे एवढेच, की माणदेशाची हद्द आखून आणा.

भूगोलाची मुले माण नदीचे खोरे आखतात. नदी कुळकजाईच्या डोंगरात उगवते, म्हसवड, दिघंची, सांगोला या बाजूने वाहत जाते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. पाणलोटाची रेषा धरली की झाला माणदेश. इतिहासाची मुले वेगळाच नकाशा आणतात. आटपाडी औंध संस्थानात होते. हे ७२ गावांचे छोटे संस्थान होते आणि तेही सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा प्रयोगही त्याच काळातला. तो पाहूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा सुचली. त्याच काळात नदीच्या वरच्या अंगाचा माण तालुका मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता. नदी एक, पण खालच्या गावात पंचायत राज्य करते आहे आणि वरच्या गावात कलेक्टर. पुढे संस्थान विलीन झाले, आटपाडी १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

मराठीची मुले बोली कुठपर्यंत ऐकू येते ते विचारत फिरतात आणि त्यांची हद्द पुसट होत जाते. समाजशास्त्राची मुले शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाकडे चैत्रात येणाऱ्या कावडी मोजतात. सासवडहून येणारी कावड मुंगी घाटाने चढते, मराठवाड्यातूनही लोक येतात. त्या नकाशात माणदेश हे एक टोक न राहता मध्यबिंदू होतो. अ‍ॅन फेल्डहाउस या अभ्यासक बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि यात्रा यांवर २००३ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधारण असेच आहे, की माणसे जिथे चालत जातात, त्या चालण्यातूनही प्रदेश घडतो.

सगळे नकाशे आम्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावतो. आजवर एकही दुसऱ्याशी जुळलेला नाही. मुले थोडी बावचळतात. ‘‘मॅडम, बरोबर कुठला?’’ असे विचारतात. बरोबर सगळेच आहेत, कारण प्रत्येकाने वेगळा प्रश्न विचारला होता. पाण्याबद्दल विचारलेत तर एक हद्द मिळते, राज्याबद्दल विचारलेत तर दुसरी, देवाबद्दल विचारलेत तर तिसरी. प्रदेश अभ्यासाचा पाया हाच आहे, असे मी आता म्हणते. प्रदेश आधीपासून कुंपण घालून ठेवलेला नसतो. तुम्ही काय विचारता, त्यावर तो कुठे सुरू होतो हे ठरते.

‘आता म्हणते’ असे मी मुद्दाम म्हटले. कारण त्याआधी अनेक वर्षे मी वर्गात एकच वाक्य शिकवत आले होते. माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, म्हणून तिथे दुष्काळ आहे, म्हणून तिथून स्थलांतर होते. वाक्य चुकीचे नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच सातारा जिल्ह्यात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि म्हसवडकडे पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. जमिनीखाली काळा कातळ. मुरूम आणि भेगा असतील तिथेच पाणी मुरणार. हे सगळे खरे आहे.

पण पहिल्याच तुकडीत एक मुलगा होता, प्राणिशास्त्राचा. धनगराच्या घरातला. त्याने हात वर केला आणि विचारले, ‘‘मॅडम, इथं पाऊस कमी म्हणून माणसं निघून जातात, तर आमची माणसं इथं राहायला आलीच कशाला? आणि टिकली कशी?’’

मी म्हटले, तूच सांग. त्याने जे सांगितले ते असे. मेंढराला जास्त पाऊस चालत नाही. सततच्या चिखलात त्याचे खूर सडतात, लोकर भिजून ते आजारी पडते. पावसाळ्याचे चार महिने जिथे पाऊस बेताचा आणि माळावर गवत बारीक पण कसदार, तेच मेंढराचे घर. दिवाळीनंतर माळ वाळला की कळप पश्चिमेला निघतात, कोकणात किंवा नदीकाठच्या बागायतीत. तिथला शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळते. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मृग जवळ आला की कळप पुन्हा माघारी. ‘‘म्हणजे आमच्या आज्याच्या हिशेबात माणदेश दुष्काळी नव्हता,’’ तो म्हणाला, ‘‘कोकण आजारी होतं.’’

वर्ग हसला, मीही हसले. पण त्या रात्री मी ग्रंथालयातून आणलेले ग्युंथर सोन्थायमर यांचे पुस्तक पुन्हा उघडले. हे जर्मन अभ्यासक बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांचा माग काढत धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी टिपल्या. १९७६ मध्ये जर्मनमध्ये त्यांचे पुस्तक आले, १९८९ मध्ये इंग्रजीत. कमी पावसाचा हा पट्टा पशुपालकांच्या संस्कृतीचे घर कसा झाला, हे त्यात आहे. पुस्तक माझ्या परिचयाचे होते. पण ते ‘लोकसाहित्य’ या कपाटात ठेवलेले होते आणि माझा पर्जन्यमानाचा तक्ता ‘भूगोल’ या कपाटात. दोन कपाटांमध्ये एका विद्यार्थ्याने मला उभे केले.

म्हणून पालकांना मी सांगते, की अनेक विद्याशाखा एकत्र आणणे म्हणजे सोमवारी इतिहास, मंगळवारी भूगोल असे वेळापत्रक लावणे नव्हे. तसे केले तर ते पाच जनरल विषय होतील. एकच प्रश्न समोर ठेवायचा आणि प्रत्येक विषयाला विचारायचे, की तुझ्याकडे याचे उत्तर कुठवर आहे आणि कुठे संपते? जिथे एकाचे उत्तर संपते, तिथून दुसऱ्याकडे जायचे.

हे कसे होते, याचे एक उदाहरण माझ्याच घरातले आहे. ते सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, दहिवडीच्या बाजूच्या एका खेड्यातून १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आले. परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, गिरणी सुटली, मग एका सोसायटीत वॉचमन. मी मुंबईत वाढले. लहानपणी ‘आपण गाव का सोडलं’ असे विचारले की आण्णांचे उत्तर एकच, ‘‘पानी न्हवतं, म्हून आलो.’’ मी भूगोल घेतला त्यामागे हे वाक्य होते, असे म्हटले तरी चालेल.

तिसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांना स्थलांतरावर प्रकल्प असतो. त्या भागातून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. इथून निघालेल्या वाटा पुष्कळ आहेत. कुणी मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेले. खानापूर-विटा-आटपाडीकडचे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरले आणि भारतभर पसरले. दोन मुलींनी विचारले, तुमच्या वडिलांशी बोलू का? मी हो म्हटले आणि स्वतः बाजूला बसले.

मुलींपैकी एक वाणिज्यची होती. आण्णांनी नेहमीचे वाक्य सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि सहज विचारले, ‘‘आजोबा, मग तुमचे भाऊ का नाही आले? पाणी तर त्यांनाही नव्हतं.’’

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. विहीर एक आणि भाऊ चार. पाण्याची पाळी चौथ्या दिवशी यायची. थोरल्याकडे बैल होते, म्हणून शेती त्याच्याकडे राहिली. आदल्या वर्षी बहिणीचे लग्न झाले होते, त्याचे कर्ज होते आणि ते फेडायला रोख पैसा हवा होता. धाकटे दोघे लहान. दुष्काळी कामावर सगळे घर खडी फोडत होते, सुकडी मिळत होती, तेवढ्यावर पोट भरत होते; कर्ज फिटत नव्हते. परळला गावच्या माणसांची एक खोली होती, तिथे चुलतभाऊ राहत होता. त्याने पत्र टाकले, ‘एक जागा हाय.’ आण्णा निघाले. शेवटी ते म्हणाले, ‘‘पान्यानं कवा जायाचं ते ठरवलं, पोरी. कुनी जायाचं ते घरानं ठरवलं.’’

मी पन्नाशी ओलांडलेली भूगोलाची प्राध्यापक. माझ्या घरातल्या स्थलांतराचे कारण मी आयुष्यभर पावसाच्या नकाशात शोधत होते. ते वारसाहक्कात होते, लग्नाच्या खर्चात होते, बैल कुणाच्या दावणीला आहेत यात होते आणि परळच्या एका खोलीत होते. पाऊसही त्यात होताच. पण वाणिज्य शिकणाऱ्या एका मुलीने जमाखर्चाचा साधा प्रश्न विचारेपर्यंत मला तो कधी सुचला नव्हता. आण्णांनाही कुणी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी मला भावांविषयी जेवढे सांगितले, तेवढे त्याआधी कधी सांगितले नव्हते.

यात केवळ घरगुती हळहळ नाही, धोरणाचा प्रश्नही आहे. दुःखाचे कारण फक्त पाऊस असेल, तर उपायही एकच उरतो, तो म्हणजे पाणी आणा. पण या भागातल्या माणसांनी स्वतःच त्यापुढचे प्रश्न विचारले आहेत. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी दुष्काळाकडे कामाच्या दृष्टीने पाहिले. १९६५ च्या सुमारास तासगाव भागात लहान प्रमाणावर प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. पाण्याबाबतही तसेच. कृष्णेच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राला वाट्याचे पाणी सन २००० पर्यंत अडवण्याची घाई होती, म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ आले. त्याच सुमारास कऱ्हाडजवळच्या टेंभू इथून पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देण्याची योजना पुढे आली. पण १९९३ पासून आटपाडीला ज्या पाणी परिषदा भरत गेल्या, त्यांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी ‘पाणी द्या’ याच्या बरोबरीने ‘समन्यायी वाटप करा’ हेही लावून धरले. पाणी किती, एवढेच विचारून भागत नाही. कुणाच्या पाळीला किती, हेही विचारावे लागते. आण्णांच्या चौथ्या दिवसाच्या पाळीची गोष्ट ऐकल्यावर ही मागणी मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पाणी आले तिथे डाळिंब दिसते, ऊसही दिसतो. आणि प्राणिशास्त्राचा तो मुलगा पुन्हा विचारतो, माळ बागायत झाला तर कळप पावसाळ्यात कुठे थांबणार? याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न पडणे हे अभ्यासाचे फळ आहे.

या विषयाचे तोटेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका थोडे थोडे सगळे आणि नीट काहीच नाही, असे होण्याचा. म्हणून मी मुलांना बजावते, मेजर पक्के करा. ज्याच्या हातात एक हत्यार पक्के आहे, त्यालाच दुसऱ्याच्या हत्याराची किंमत कळते. संगणकाच्या मुलांनी एका गावातल्या विहिरींचा नकाशा केला, तो उत्तम झाला. पण एकेका विहिरीत किती भावांचा वाटा आहे, हे सातबाऱ्यावरून वाचायला त्यांना दुसऱ्यांची मदत लागली. दोघांनाही एकमेकांची गरज पटली, ती आपापले काम येत होते म्हणून.

दुसरा धोका अभिमानाचा. आपला प्रदेश म्हटले की मुले खिल्लार बैल, खरसुंडीची यात्रा, आपली बोली, आपली माणसे यांचे गोडवे गातात. प्रेम असावे. पण १८८५ च्या सातारा गॅझेटियरमधले जातीविषयीचे उतारे वाचताना आपण जेवढे सावध असतो, तेवढेच आजीच्या आठवणी ऐकतानाही असावे लागते. गॅझेटियर महसूल गोळा करणाऱ्या सरकारने लिहून घेतले होते. आजीलाही काही गोष्टी झाकायच्या असतात. गावात कुणाला विहिरीवर येऊ देत नव्हते, हे गोडव्यात येत नाही. ते विचारावे लागते.

तिसरी अडचण गावाची. एका बाईंनी आमच्या मुलांना तोंडावर विचारले, ‘‘तुमचा अब्यास हुईल, मार्क पडतील. आमाला काय?’’ तेव्हापासून आम्ही नियम केला, की प्रकल्प विद्यापीठात देण्याआधी गावात वाचून दाखवायचा. पहिल्या वाचनातच लोकांनी एका ओढ्याचे नाव दुरुस्त केले आणि एका तक्त्यातली दोन घरे चुकीच्या वस्तीत पडली होती ती दाखवली. आमच्या परीक्षकांना या चुका कधीच सापडल्या नसत्या.

आणि नोकरीचे काय? हा प्रश्न पालक शेवटी, जरा दबकत विचारतात. मी त्यांना खरे ते सांगते. ‘प्रदेश अभ्यासक पाहिजे’ अशी जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. नोकरी मेजरवर मिळेल. पण बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसाल, तालुक्याची बातमी लिहाल, पंचायत समितीत आराखडा कराल, शाळेत शिकवाल, तिथे समोरच्या माणसाने एका वाक्यात दिलेल्या कारणापाशी तुम्ही थांबणार नाही. ‘मग तुमचे भाऊ का नाही आले?’ असे विचाराल. एवढे आले तर २४ क्रेडिट वाया गेली, असे मला वाटत नाही.

माणदेशच घ्या, असे माझे म्हणणे नाही. तुमचा प्रदेश वाडा-मोखाड्याचा असेल, मेळघाटचा असेल, गोव्यातल्या खाजन जमिनींचा असेल, किंवा मुंबईतला गिरणगावही असेल. कोरा कागद घ्या, हद्द आखा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दाखवा. ते म्हणतील, इथे चुकलंय. तिथून अभ्यासाला सुरुवात करा.

आमच्या भिंतीवर आता आण्णांचाही एक नकाशा आहे. त्यांनी तो मुलींच्या वहीच्या पानावर काढून दिला. त्यात एक विहीर आहे, चार घरे आहेत, एसटीचा थांबा आहे आणि पानाच्या अगदी कडेला परळची खोली आहे. मधले तीनशे किलोमीटर त्यांनी एका रेघेत आखलेत. पहिल्या आठवड्यात नवी मुले सगळे नकाशे बघतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, हा पण माणदेशच का?’’ मी त्यांना सांगते, हो, हाही माणदेशच.